जिगची चाल कोणाची?

आयर्लंडांतील ‘जिग’ हा बहुधा सहा मात्रांच्या ठेक्यावरचा चपळ नाच. त्याची एखादी चाल मूळची आयरिश, स्कॉटिश कीं इंग्रज, हा वाद व्हायोलिन-बासरी वाजविणाऱ्यांत जुनाच आहे. छापील ग्रंथाचा सन दाखवून निकाल देणारे पंडित पुष्कळ. परंतु तो सन चाल कागदावर उतरल्याचा, जन्मल्याचा नव्हे.

फ्रान्सिस ओनील याचेंच पाहा. १८४८ सालीं कॉर्क परगण्यांत जन्मलेला हा गृहस्थ १९०१ ते १९०५ पर्यंत शिकागोच्या पोलिसदलाचा मुख्य होता. कानानें ऐकलेली चाल तो पक्की धरी, पण स्वरलेखन त्यास येत नसे. तें त्याच्याच दलांतील जेम्स ओनील करी. आडनांव एक, नातें मात्र नाहीं! १८४५ पासूनच्या दुष्काळानें लाखों आयरिश लोक देशोधडीला लागले, आणि पुढेंही ओघ थांबला नाहीं. त्यामुळें परगण्यापरगण्यांतील वादक शिकागोंतच भेटत. त्यांच्याकडून मिळालेल्या चालींसह १९०३ च्या संग्रहांत १८५० चाली छापल्या गेल्या. मग त्या अमेरिकन म्हणावयाच्या काय? पुष्कळ चालींच्या माथ्यावर ओनीलनें एक नांव दिलें आहे. तें रचणाऱ्याचें नव्हे, ज्याच्याकडून चाल मिळाली त्याचें.