पहिला पहारा

माणच्या आयटी पार्कपासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची पाषाणची प्रयोगशाळा फार दूर नाही. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलातील तापाचा विषाणू शोधला. सिंधुदुर्गात त्यालाच माकडताप म्हणतात. त्याच वर्षी लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉनचा शोध जाहीर केला. बाधित पेशीने शेजारच्या पेशींना दिलेला हा इशारा. तो नैसर्गिक मारक पेशींनाही चेतवतो. त्यांना हे नाव मिळायला मात्र १९७५ उजाडले. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. कणकण, अंगदुखी यांमागे बरेचदा इंटरफेरॉनचाच हात असतो. म्हणजे आपण ज्याला आजार म्हणतो, त्यात शरीराची लढाईही असते. प्रतिपिंडे तयार व्हायला दिवस लागतात; तोवर आपली भिस्त याच पहाऱ्यावर.