कोशांची अंधारी खोली

कोसा, म्हणजे टसरचं रेशीम, म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं जंगल येतं. येनाच्या (ऐनाच्या) फांद्यांवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या, खाली गुलेल घेऊन पाखरं हाकत बसलेला ढिवर. फोटोही तेवढेच निघतात. मी आरमोरीजवळच्या ढिवराच्या घरातला. पुढं नोकरीही कोशातच केली. म्हणून सांगतो, आमचं पीक रानात वाढत असलं तरी ते ठरतं घरातल्या एका अंधाऱ्या खोलीत, जानेवारी ते जून या काळात.

हिवाळ्यातल्या पिकाचे चांगले, जड कोसे बियाण्यासाठी बाजूला काढतात. आतला किडा तेव्हा झोपी जातो, तो पावसाळ्याच्या तोंडावरच पतंग होऊन बाहेर यायचा. मधे आमचा उन्हाळा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावं दर मे महिन्यात बातम्यांत असतात, पारा ४६-४७ पर्यंत चढतो. एवढ्या तापात कोशातला किडा शिजून मरतो, नाहीतर अवेळी जागा होतो. बीजगृहात २६ ते २८ अंश असावेत असं आम्हाला नोकरीत शिकवलं. आजीला अंश माहीत नव्हते.

तिची खोली सांगतो. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू आणि कवेलूवर धानाच्या तणसाचा थर. समोरासमोर दोन लहान खिडक्या. बांबूच्या आडव्या दांड्यांना कोशांच्या माळा टांगलेल्या, आणि दोन माळांच्या मधून हात मोकळा जाईल एवढी जागा. कोसे ढिगात ठेवले की आत गरम होतात, बुरशी धरतात. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, त्यांवर ओली पोती. जमिनीवर वैनगंगेची वाळू पसरून तिच्यावर पाणी शिंपडलेलं. दिवस मावळून वारा गार झाला की दोन्ही खिडक्या सताड उघड्या. पोत्याचं पाणी मात्र कोशावर उडता कामा नये. ओलावा हवेत हवा, कोशावर नको. हे तिनं मला पाणी शिंपडताना एक धपाटा घालून शिकवलं.

पंधरा दिवसांनी ती एकेक कोसा कानाशी नेऊन हलवायची. जिवंत किडा जड लागतो, आत धपकन आपटतो. मेलेला सुकून खुळखुळतो. असे खुळखुळे माळेतून काढून टाकायचे. त्या दिवसांत घरात मासोळी शिजत नसे, आणि मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात मासोळी नाही म्हणजे काय ते तुम्हीच समजा. विटाळशीनं खोलीत पाऊल टाकायचं नाही हाही नियम होता. तो मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण खोलीत येणारी-जाणारी माणसं कमी, हात धुतलेले, याचा फायदा कोशांना झालाच असणार.

अख्खा कोसाच घरात पाळावा, असं इंग्रजांच्या काळात काहींना वाटलं होतं. १८७० च्या दशकात मेजर कौस्मेकर यांनी पुण्याकडं टसरच्या अळ्या पाळून पाहिल्या. इंग्लंडातल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल यांनी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टसरचं कापड मांडलं आणि साहेबांच्या देशात त्याची मागणी वाढली. पण पुण्याकडं धंदा काही उभा राहिला नाही. तुतीचा किडा माणसाळला, खोलीत सुपात बसून पाला खातो. टसरचा अजून रानटीच आहे, त्याला झाड लागतं. घर त्याला लागतं ते फक्त झोपायला आणि अंडी घालायला.

अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, पेब्रिन रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, ही रीत पाश्चरनं १८६० च्या दशकात फ्रान्सात तुतीच्या किड्यासाठी बसवली. ती आमच्याकडं आली आणि तिनं खरंच पिकं वाचवली. तिच्याबरोबर सिमेंटचं बीजगृहही आलं.

मी एका अशा इमारतीत होतो. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडायचा. मग खिडक्या उघडून काय उपयोग? कूलर होते. एका मे महिन्यात दोन दिवस वीज गेली आणि पतंग निघू लागले. आधी नर. माद्या निघेपर्यंत नर फडफडून थकलेले, जोड्या जमल्याच नाहीत. ज्या थोड्या जमल्या त्यांची अंडी फुटली असती तरी त्या उन्हात अळ्या जगल्या नसत्या. हजारो कोसे पोत्यात भरून बाहेर काढले. मी तणस सुचवलं तर साहेब हसले, सरकारी इमारतीवर तणस! पुढच्या वर्षी मात्र घातलं. थर्मामीटरचा पारा आणि माझा जीव, दोन्ही खाली आले.

मृगाची पहिली सर आली की आजी खिडक्यांवरची पोती काढून टाकायची आणि माळांना हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी देठाच्या बाजूला कोशावर रुपयाएवढा ओला डाग उमटतो, आतला पतंग लाळेनं ते टोक मऊ करतो. डाग दिसला की ती कंदील उचलून अंगणात नेऊन ठेवायची. उजेड असला की नर त्यालाच जाऊन धडकतात, मादीकडं वळत नाहीत.