एकच लेखक असलेलं नंदनवन

ज्यांनी लोकलच्या गर्दीत अर्धाच एपिसोड ऐकला, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर.

सुरुवात माझ्याच एका जुन्या उद्योगापासून करतो. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला मी हॉस्टेलवर बसून एक फॅन फिक्शन लिहायचो. क्रॉसओव्हर. एका बाजूला 'नारुतो'मधला मदारा, जो अख्ख्या जगाला एका सुखाच्या स्वप्नात झोपवू पाहतो. दुसऱ्या बाजूला 'इव्हँगेलियन', जिथे सगळ्या माणसांची मनं वितळवून एक करायची योजना असते. माझ्या गोष्टीत या दोन्ही योजना एकत्र येतात आणि चक्क यशस्वी होतात. युद्ध नाही, भूक नाही, एकटेपणा नाही. मला ते भारीच वाटत होतं. रूममेटने एका रात्रीत सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "अरे, पण ज्याला हे नकोय त्याचं तू काय केलंस?"

मी म्हणालो, "तो व्हिलन आहे. मरतो तो." आणि झोपलो.

या प्रश्नाचं उत्तर जपानच्या इतिहासात मिळतं.

२१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत पहिलं कॉमिकेट भरलं. चाहत्यांनी स्वतः काढलेली, स्वतः छापलेली मासिकं विकायचा बाजार. ३२ गट आणि साधारण ७०० माणसं, बस. पुढे याच बाजारात लाखांनी गर्दी होऊ लागली. तिथला एक नियम मला फार आवडतो: इथे कोणी 'गिऱ्हाईक' नाही. विकणारा, घेणारा, खुर्च्या लावणारा, सगळे 'सहभागी'.

त्याच वर्षी मार्चमध्ये टीव्हीवर 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही मालिका संपली होती. साल २१९९. किरणोत्सर्गाने पृथ्वी मरायला टेकलीय, हातात एकच वर्ष आहे, आणि यामातो जहाज दूरच्या ग्रहावरून 'कॉस्मो क्लीनर' नावाचं शुद्धीकरण यंत्र आणायला निघतं. एक अख्खी पिढी यावर वाढली.

आता १९८४ मध्ये या. टोकियोतल्या शिबुयात चिझुओ मात्सुमोतो नावाचा माणूस योगाचा क्लास काढतो. पुढे तो स्वतःला शोको असाहारा म्हणवतो आणि १९८७ पासून संस्थेचं नाव होतं 'ओम शिनरिक्यो'. हो, आपलाच ॐ. त्यांच्या इमारतींना नाव 'सत्यम', कॉम्प्युटरच्या दुकानाला 'महापोश्य'. हे शब्द वाचताना मराठी माणसाला जरा कसंतरीच होतं. आपल्या देव्हाऱ्यातले शब्द तिथे भलत्याच कामाला लागलेले दिसतात.

असाहाराने जे रचलं ते खरं तर एक क्रॉसओव्हरच होतं. थोडा योग, थोडा तिबेटी बौद्ध धर्म, नॉस्त्रादेमसची भविष्यं, बायबलमधलं शेवटचं युद्ध. वर विज्ञानकथांचा मसाला. त्यांच्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं नाव काय होतं माहितीय? कॉस्मो क्लीनर! आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'चाही या मंडळींवर प्रभाव होता, असं कॅप्लन आणि मार्शल या पत्रकारांनी १९९६ च्या पुस्तकात लिहिलंय. जग बुडणार, मूठभर शास्त्रज्ञ ज्ञान वाचवणार, ही ती कल्पना. असाहारा हवेत उडतोय असं दाखवणारी अॅनिमेही संस्थेने स्वतः बनवली होती.

स्वप्न मात्र गोड होतं. सगळ्या जपानचं शंभाला करायचं, आणि 'कमळ गाव' नावाच्या स्वयंपूर्ण वस्त्या उभारायच्या. जपानमध्ये साधारण १०,००० अनुयायी झाले. घरदार, पैसा संस्थेला देऊन अनेक जण आत राहायला गेले. आणि आत कोण होतं? हृदयाचे सर्जन, रसायनतज्ज्ञ, इंजिनिअर. विज्ञान विभागाचा प्रमुख हिदेओ मुराई ओसाका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेला, पोलाद कंपनीतली चांगली नोकरी सोडून आलेला. तिथे डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालत. कशासाठी? गुरूच्या मेंदूच्या लहरी आपल्या मेंदूत उतरवायला. सगळ्यांची मनं एकाच मनासारखी करायला. माझी गोष्ट आठवली ना?

मग रूममेटचा प्रश्न आला. ज्याला हे नकोय, त्याचं काय?

फेब्रुवारी १९८९: बाहेर पडू पाहणाऱ्या एका अनुयायाचा गळा आवळला. नोव्हेंबर १९८९: संस्थेविरुद्ध लढणारे वकील साकामोतो, त्यांची पत्नी आणि वर्षाचा मुलगा, तिघांनाही घरात घुसून मारलं. यासाठी शब्दही होता, 'पोवा'. तिबेटी परंपरेत मरताना चेतना वरच्या लोकात पाठवायचा हा विधी. यांनी त्याचा अर्थ केला, मारून उद्धार करणं. म्हणजे खून हीसुद्धा दयाच!

१९९० च्या निवडणुकीत त्यांचे २५ उमेदवार उभे राहिले आणि सगळे पडले. जग ऐकत नाही म्हटल्यावर फुजी पर्वताच्या पायथ्याशी, सत्यम क्रमांक ७ मध्ये, सारिन वायू बनवायची तयारी सुरू झाली. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात तो सोडला. २० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियो मेट्रोच्या पाच गाड्यांत पाच जणांनी सारिनच्या पिशव्यांना छत्रीची टोकं खुपसली. १३ माणसं गेली, हजारो जखमी झाली. चौदावी व्यक्ती २५ वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. असाहारासह १३ जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली.

'इव्हँगेलियन' टीव्हीवर आलं ते त्याच १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये.

आता कोणी म्हणेल, बघा, अॅनिमेने पोरं बिघडवली. तसं असतं तर कॉमिकेटमधून दरवर्षी असाहारा निघाले असते. तिथेही लोक जगं उधार घेतात, मिसळतात, शेवट बदलतात. पण तुमच्या शेजारच्या टेबलावर त्याच पात्राचा अगदी उलटा शेवट विकायला असतो, आणि तुम्हाला तो सहन करावा लागतो. ओममध्ये टेबल एकच होतं, लेखक एकच, आणि शेवट ठरलेला.

मला खरी भीती मुराईची वाटते. त्याच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकतो. ऑफिसात आम्ही दिवसभर तेच करतो ना? सिस्टीम नीट चालावी म्हणून जे बसत नाही त्याला 'एरर' म्हणतो आणि काढून टाकतो. कोडमध्ये ते चालतं. हीच सवय माणसांना लावली की सत्यम क्रमांक ७ फार लांब राहत नाही. त्या टोप्या कोणा राक्षसाने बनवल्या नव्हत्या, मन लावून काम करणाऱ्या हुशार माणसांनी बनवल्या होत्या.

गेल्या महिन्यात ती जुनी फाइल उघडली. ज्याला मी व्हिलन म्हणालो होतो, त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं मी. आता दिलंय. एक नवा अध्याय त्याच्या तोंडून लिहितोय, आणि माझं नंदनवन पार डळमळायला लागलंय. रूममेटला पाठवलाय. तो अजून "सीन"वरच आहे.

तुमच्या आवडत्या आदर्श जगात 'नाही' म्हणणारा कोण आहे, आणि त्याचं काय होतं, ते एकदा तपासा. भेटू पुढच्या भागात!