खोलीला खिडकी आहे का? भाड्याचं घर, कायदा आणि आपलं आरोग्य

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला रुग्ण समोर बसला की मी ताप, भूक आणि वजन याबद्दल विचारतो. मग विचारतो, "झोपता त्या खोलीला खिडकी आहे का?" अनेकांना हा प्रश्न डॉक्टरने विचारायचा वाटत नाही. शहापूर, आसनगाव किंवा मुरबाड एमआयडीसीच्या आसपास एका भाड्याच्या खोलीत चार-पाच कामगार राहतात. खोलीला एकच दार, वर पत्रा आणि भिंतीला ओल. "भाडं कमी आहे डॉक्टर, चालवून घेतो," असं ते सांगतात.

घर राहण्यालायक आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे ऐरणीवर आला तो मात्र एका आजारामुळेच. ती गोष्ट थोडक्यात सांगतो.

दारावरची तीन अक्षरं

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. साथ पसरली तशी महापालिकेची माणसं चाळींमधून फिरू लागली. अंधारी, कोंदट खोली दिसली की दारावर 'यूएचएच' ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात. अर्थ होता, 'माणसाने राहण्यास अयोग्य'. भिंतींना चुना लावला गेला, आणि ऊन आत यावं म्हणून काही घरांची कौलंही उतरवली गेली.

यात आपल्या तालुक्याचाही संबंध आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी 1892 मध्ये मुंबईला पोचलं. पाणी वाढलं, पण ते वाहून नेणारी गटारं त्या मानाने वाढली नाहीत. जमीन ओली राहू लागली. या ओलीतून आणि कोंदट हवेतूनच प्लेग येतो, असं त्या काळी अनेकांना वाटत होतं.

ही समजूत चुकीची होती. 1898 मध्ये कराचीत काम करताना पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. खिडकी पिसू अडवत नाही.

पण त्याच खोल्यांमध्ये क्षयरोगही होता. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवून दिला होता. तो खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतो. वारा खेळता असेल तर तो विरळ होतो, थेट उन्हात मरतो. म्हणजे प्लेगवरचं औषध चुकलं, पण क्षयरोगाला लागू पडलं.

1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. त्याचा साधा अर्थ असा : समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीबाहेर हवी. दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रस्टने जितकी घरं पाडली, तितक्या लोकांना नवी मिळाली नाहीत. ती माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. अयोग्य खोली नुसती बंद केली म्हणजे आजार संपत नाही.

घरमालकाची जबाबदारी

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मालकावर मर्यादित जबाबदारी टाकली. घरातला लपलेला, त्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने भाडेकरूला सांगायचा. जी दुरुस्ती करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, ती कळवूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो.

1947 च्या मुंबई भाडे कायद्याने एक पाऊल पुढे टाकलं : घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं हे मालकाचंच काम ठरलं. आज त्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. त्यानुसार मालक दुरुस्ती करत नसेल, तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो. मात्र एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. पाणी, वीज, सफाई अशा आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडायलाही बंदी आहे.

पण या तरतुदी कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू होतात. ज्या गावाचं नाव तिथे नाही, तिथल्या भाडेकरूला 1882 चा जुना कायदा आणि स्वतःचा करार यांवरच भिस्त ठेवावी लागते. जुना कायदाही 'बंधनकारक दुरुस्ती'बद्दलच बोलतो. करारात काहीच लिहिलं नसेल, तर मालक सहज हात वर करतो.

तुम्ही काय कराल?

खोली घेण्याआधी दिवसा जाऊन बघा. दिवा न लावता आत नीट दिसतं का? भिंतीला हात लावून ओल बघा, कारण ओलीवर बुरशी धरते आणि दम्याचा त्रास वाढतो. आपल्यासारख्या दमट, उष्ण हवेसाठी राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की दारं सोडून खिडक्यांची जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश तरी हवी. दहा बाय बाराच्या खोलीला ती 20 चौरस फूट होते.

करार लेखी करा आणि नोंदवून घ्या. राज्याच्या भाडे कायद्यात ही नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. करारात एक ओळ घालायला सांगा : "छत, ओल, खिडक्या, पाणी व शौचालय यांची दुरुस्ती घरमालक करेल." दुरुस्ती मागताना फोटो काढा, लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि खोलीत कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी मोफत होते. खोलीतल्या बाकीच्यांनीही तपासून घ्या. तोवर खिडकी असेल तर उघडी ठेवा. नसेल, तर मालकाकडे मागा.