पाणी कुठवर येईल? : नदीप्रवाहाच्या मॉडेलिंगची ओळख

पैठणच्या नाथसागर जलाशयाचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या गावांत एकच प्रश्न असतो : पाणी कुठवर येईल? बातमीत विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. घरातल्या माणसाला मात्र आपल्या उंबऱ्याशी पाणी किती चढेल आणि किती वाजता चढेल, हे हवे असते. ऑगस्ट २००६च्या पुरात पैठणपासून नांदेडपर्यंत लोकांनी या दोन गोष्टींमधले अंतर सोसले आहे. विसर्गाच्या आकड्यापासून उंबऱ्यावरच्या पातळीपर्यंत गणिताने पोहोचणे, हेच नदीप्रवाहाच्या मॉडेलिंगचे काम. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते वाचतीलच. पण भूगोल शिकवणारे, नगररचनेत काम करणारे आणि नदी स्वच्छतेसाठी रविवारी काठावर उतरणारे यांनीही ते हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बारावीचे गणित आणि थोडी चिकाटी एवढी तयारी पुरते.

पाण्याचा अभ्यास छत्रपती संभाजीनगरला नवा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेल्या नहरीने केवळ उताराच्या जोरावर शहराला पाणी पुरवले. जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, १९८०पासून इथे आहे. १९९३चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळवणारे माधवराव चितळे याच शहरात राहिले आणि पाण्याबद्दल मराठीतून लिहीत राहिले. संगणकावर नदी उभी करणे हा त्या परंपरेचाच पुढचा भाग आहे असे मी मानतो.

या शास्त्राची समीकरणे जुनी आहेत. वाहत्या पाण्याच्या बदलत्या पातळीचे आणि वेगाचे गणित फ्रान्सच्या सेंट-व्हेनां यांनी १८७१मध्ये मांडले. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९मध्ये वेगाचे सोपे सूत्र दिले. खऱ्या नदीसाठी सेंट-व्हेनां यांची समीकरणे हाताने सोडवणे मात्र जवळपास अशक्य होते. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टोकर आणि सहकाऱ्यांनी ओहायो नदीच्या पुरासाठी ती संगणकावर सोडवली, तेव्हा वाट मोकळी झाली. आपल्याकडे १९१६मध्ये सुरू झालेल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्राने नद्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून प्रत्यक्ष पाणी सोडले, आणि सांडव्याखाली उसळणाऱ्या पाण्यासारख्या प्रश्नांसाठी ही पद्धत आजही हवीच. आज अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी तयार केलेली, ही समीकरणे सोडवणारी हेक-रास ही संगणक प्रणाली कोणालाही फुकट मिळते. साधा लॅपटॉप पुरतो.

इथेच नवशिक्याची पहिली फसगत होते. प्रणाली उतरवून घेतली, उपग्रहाचा उंचीनकाशा टाकला, पावसाचा आकडा भरला, आणि पडद्यावर निळे पाणी पसरताना दिसू लागले. ते चित्र देखणे असते. त्यावर विश्वास ठेवू नका. फुकट मिळणाऱ्या उंचीनकाशांत साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. शहरातून जाणारे खाम नदीचे पात्र कित्येक ठिकाणी त्या एका चौकोनात मावेल. म्हणजे त्या नकाशात भिंत, पूल आणि पात्र यांची मिळून एकच उंची झालेली असते. पाणी ज्यातून वाहायचे ती नदीच तिथे नसते.

म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात खामपासून करा, आणि पायी करा. जटवाड्याच्या डोंगरांकडून येणारी, हर्सूल तलावातून पुढे जुन्या शहराच्या कडेने पाणचक्कीजवळून वाहणारी ही नदी चालून पाहता येईल एवढी लहान आहे. गोदावरीवर नवशिक्याला काटछेद, म्हणजे पात्राच्या आडव्या छेदाची मोजणी, घेता येणार नाही. खामवर फेब्रुवारीत टेप, लेव्हल आणि स्टाफ घेऊन उतरता येते. किती अंतरावर काटछेद घ्यायचा, याचे उत्तर नदीच देते. पात्र जिथे अरुंद होते, वळते, जिथे भराव टाकला आहे किंवा पूल आहे, तिथे घ्यायचा. बारापुल्ला दरवाजाशी जोडलेल्या पुलासारखा जुना कमानी पूल आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना घ्यायचा. कमानींत पाणी अडते, वरच्या अंगाला फुगवटा येतो, आणि तो किती मागे जातो यावर काठावरच्या घरांचे भवितव्य ठरते.

मोजणी झाली की लगेच संगणक उघडू नका. आधी मॅनिंगचे सूत्र हाताने सोडवा. समजा पात्र २० मीटर रुंद, काठ उभे, पाणी २ मीटर खोल आणि उतार हजारात एक आहे. स्वच्छ, मोकळ्या पात्राचा खरखरीतपणा ०.०३५ धरला तर वेग सेकंदाला सुमारे १.२७ मीटर आणि विसर्ग सुमारे ५१ घनमीटर, म्हणजे अठराशे क्युसेकच्या आसपास येतो. आता त्याच पात्रात बेशरम आणि वेडी बाभळ माजू द्या. खरखरीतपणा ०.०७ झाला की तेवढ्याच खोलीवर विसर्ग निम्मा होतो. पण वरून येणारे पाणी काही निम्मे होत नाही. ते ५१ घनमीटर वाहून न्यायला खोली सुमारे ३.१५ मीटर लागते. पाऊस तोच, नदी तीच, आणि पाणी एक मीटरहून जास्त वर. हे गणित ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला पात्र मोकळे ठेवण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरी खाचखळग्यांची जागा म्हणजे सीमा अटी. मॉडेलला नदीचा तुकडाच दिलेला असतो. त्याच्या वरच्या टोकाला काय येते आणि खालच्या टोकाला काय आहे, हे आपणच सांगायचे. खामचे पाणी शेवटी गोदावरीकडे, नाथसागराच्या बाजूला जाते. जलाशय अर्धा रिकामा असताना खालच्या टोकाला नदी आपल्या उताराने वाहते असे धरले तर चालते. तो १५२२ फुटांना, म्हणजे सुमारे ४६३.९ मीटरला पूर्ण भरलेला असेल, तर शेवटच्या टप्प्यात हेच गृहीत धरणे चुकीचे ठरू शकते. तिथे जलाशयाची पातळीच अट म्हणून द्यावी लागते. फूट आणि मीटर यांची, तसेच समुद्रसपाटीच्या संदर्भाची गल्लत इथेच होते. धरणाखालच्या गोदावरीत उलट प्रश्न येतो. तिथला पूर पावसाबरोबर हळूहळू चढत नाही, माणसाने दरवाजे उघडल्यावर एका झटक्यात चढतो. ती लाट पुढे जाताना किती पसरते आणि तिचा माथा किती बसतो, हे शोधण्यात या शास्त्राचा खरा आनंद आहे. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी त्यालाच दिला आहे.

मेळ घालण्याबद्दल मात्र थोडे कडक बोलावे लागेल. मॉडेलची पातळी आणि पुरात दिसलेली पातळी जुळेपर्यंत खरखरीतपणाचे आकडे फिरवणे ही रूढ रीत आहे, आणि ती आवश्यकही आहे. पण काटछेद चुकला असेल तर चुकीचा खरखरीतपणा ती चूक झाकून टाकतो आणि उत्तर जुळल्याचे समाधान मिळते. म्हणून एका पुरावर मेळ घातला की दुसऱ्या पुरावर, आकडे न हलवता, तपासायचे. शहरांतल्या लहान नद्यांवर सरितामापन केंद्रे क्वचितच असतात. तेव्हा काठावर राहणाऱ्यांकडे जा. भिंतीवरची ओल, देवळाची कितवी पायरी बुडाली, पाणी दुपारी आले की मध्यरात्री, हे त्यांना आठवते. ही माहिती लेव्हल लावून उंचीत बदला आणि नोंदवहीत उतरवा. माझ्या दृष्टीने ती कुठल्याही उपग्रहचित्राइतकीच मोलाची आहे.

या गणितातून शेवटी नकाशावर रेषा उमटते. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही, असा समज सर्रास आढळतो. दरवर्षी शंभरात एक शक्यता धरली तर तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. गृहकर्ज फेडण्याच्या मुदतीत चारात एक! अशी रेषा एकाच आकड्यावर ओढून मोकळे होणे मला मान्य नाही. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात उत्तर दोनदा काढले आहे : एकदा पात्र मोकळे धरून, एकदा झुडपांनी भरलेले धरून. दोन उत्तरांच्या मधल्या पट्ट्यात कोणाची घरे येतात, ते वाचकाने प्रत्येक वेळी नकाशावर शोधावे आणि मगच पुढच्या उदाहरणाकडे वळावे.