तेलवाहू जहाजांची तपासणी आणि खलाशांचे शिक्षण

१९६९ च्या डिसेंबरात 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'कोंग हाकोन सातवे' या तीन अजस्र तेलवाहू जहाजांवर, आफ्रिकेलगतच्या समुद्रात रिकाम्या टाक्या धुण्याचे काम त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चालू असताना भयंकर स्फोट झाले, आणि पहिल्या जहाजाला तर सेनेगालनजीक जलसमाधी मिळाली. प्रचंड दाबाच्या फवाऱ्यांमुळे टाकीत विद्युत्भारित धुके दाटते व त्यातून पडलेली ठिणगी तेलाच्या वाफेस पेटवू शकते, हा निष्कर्ष पुढील संशोधनातून निघाला. म्हणजे जे ज्ञान त्या खलाशांना कोणी दिलेच नव्हते, कारण ते कोणापाशी नव्हते, त्याच्या अभावी त्यांच्यापैकी काहींना प्राण गमवावे लागले.

यावर जो उपाय सार्वत्रिक झाला तो असा की, बाष्पकाचा धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन व थंड करून टाकीत भरावयाचा आणि तेथील प्राणवायू शेकडा ८ च्या खाली ठेवावयाचा, म्हणजे ठिणगी पडली तरी ज्वाला उठत नाही. परंतु जहाजाला तारणारा हा वायू टाकीत उतरणाऱ्या माणसाला क्षणार्धात मारक ठरतो. म्हणून कोणी आत पाऊल टाकण्यापूर्वी टाकीत भरपूर ताजी हवा खेळवावी लागते, मापकाची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून प्राणवायू पुरता शेकडा २१ भरल्याची खात्री करावी लागते, आणि त्याचा लेखी परवाना दफ्तरी ठेवावा लागतो. ही नळी तळापर्यंत का सोडावयाची हे ज्याला उमगले आहे तो घाईच्या वेळीही ती अर्ध्यावरून ओढून घेणार नाही. ज्याला केवळ हुकूम ठाऊक आहे त्याच्याविषयी अशी ग्वाही मला देववत नाही.

हे 'का' शिकविणाऱ्या व्यवस्था मात्र हळूहळू उभ्या राहिल्या. 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज १९६७ साली कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर फुटल्यानंतर तेल कंपन्यांनी १९७० मध्ये लंडनला आपला सागरी मंच स्थापिला. खलाशांच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा. तेलवाहू जहाजे व धक्के यांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिकाही त्याच वर्षीची. १९२७ पासून मुंबई बंदरात नांगरलेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण-जहाजावर नौकानयनाचे धडे गिरवून बाहेर पडलेल्या आपल्याकडील अधिकाऱ्यांनाही ही नवी विद्या पुढे नोकरीतच आत्मसात करावी लागली.

एकाच जहाजाची निरनिराळ्या तेल कंपन्यांकडून पुनःपुन्हा होणारी तपासणी टाळावी आणि एकाचा अहवाल इतरांना उपलब्ध व्हावा, या हेतूने उपरोक्त मंचाने १९९३ मध्ये 'सायर' ही व्यवस्था सुरू केली. तिची प्रश्नावली छापील असल्याने तपासणीआधी उत्तरांची घोकंपट्टी करून घेण्याची प्रथा अनेक जहाजांवर रूढ झाली, आणि तिलाच शिक्षण म्हटले जाऊ लागले, ही खेदाची गोष्ट होय. २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या पद्धतीत प्रश्नांच्या मोठ्या संग्रहातून प्रत्येक तपासणीसाठी वेगळी यादी निघते. तपासनीस कागदपत्रांवर न थांबता कामाच्या जागी जातो, आणि केवळ कप्तानाला न विचारता थेट पंपाजवळच्या खलाशालाही विचारतो की, हे काम तू कसे करतोस व असेच का करतोस.