एका क्रियापदावरून दुभंगलेली चळवळ

१/ ऑक्टोबर १५२९. जर्मनीतील मारबुर्गचा किल्ला. धर्मसुधारणेचे प्रमुख नेते एका टेबलाभोवती जमले होते. चर्चेच्या आरंभीच मार्टिन ल्यूथरने खडूने टेबलावर चार लॅटिन शब्द लिहिले आणि त्यांवर मखमली कापड ओढले. पुढचा सारा वाद त्या चार शब्दांचा, खरे तर त्यांतील एका क्रियापदाचा होता. #थ्रेड

२/ शेवटच्या भोजनप्रसंगी येशूने भाकरी मोडून शिष्यांना दिली आणि ती आपले शरीर असल्याचे सांगितले. मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने आणि पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, चारही ठिकाणी हा प्रसंग येतो. संहितेविषयी वाद नव्हता. वाद होता तो या वाक्यातील ‘आहे’चा अर्थ काय, याविषयी.

३/ रोमन कॅथलिक चर्चचे उत्तर १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेत अधिकृत झाले होते : भाकरीचे रूप आणि चव तीच राहते, मूळ द्रव्य मात्र ख्रिस्ताचे शरीर होते. त्याच शतकात थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत याची सविस्तर मांडणी केली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपराही हा बदल खरा मानते. तो कसा घडतो, हे मात्र ती रहस्यच राहू देते.

४/ ल्यूथरने ॲरिस्टॉटलचा आधार नाकारला, पण ख्रिस्ताची उपस्थिती नाकारली नाही. त्याच्या मते भाकरी भाकरीच राहते आणि तिच्यासह ख्रिस्ताचे शरीरही खरोखर तेथे असते. देवाचे वचन बुद्धीला पटत नाही म्हणून त्याचा अर्थ वळवणे त्याला मान्य नव्हते.

५/ झुरिकचा उलरिक झ्विंग्ली म्हणे, येथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, दार म्हणतो; ते कोणी शब्दशः घेत नाही. शिवाय त्याचे शरीर स्वर्गात देवाच्या उजवीकडे आहे; मानवी शरीर एकाच वेळी अनेक ठिकाणी कसे असेल? ल्यूथरचे उत्तर : देवाचा उजवा हात म्हणजे एखादी जागा नव्हे, ते त्याचे सामर्थ्य आहे आणि ते सर्वत्र आहे.

६/ हा केवळ विद्वानांचा काथ्याकूट नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्पायरच्या सभेत सुधारणावादी राजे आणि नगरांनी निषेध नोंदवला होता. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्यातूनच आले. समोर सम्राट पाचवा चार्ल्स होता. हेसचा सत्ताधीश फिलिप याला जर्मन आणि स्विस सुधारकांची संयुक्त आघाडी हवी होती. आघाडीसाठी आधी धर्ममतात ऐक्य हवे, म्हणून त्यानेच ही भेट घडवून आणली.

७/ चर्चेअंती १५ कलमांचा मसुदा झाला. त्यांपैकी १४ कलमांवर एकमत झाले. प्रभुभोजनाविषयीच्या पंधराव्या कलमातही बराचसा भाग दोघांना मान्य होता. उरला तो एकच मुद्दा : ख्रिस्ताचे शरीर भाकरीत प्रत्यक्ष असते की नाही? तरीही बंधू म्हणून स्वीकार व्हावा, अशी विनंती झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून केल्याचे सांगतात. ल्यूथरने ती नाकारली.

८/ किंमत लवकरच चुकवावी लागली. १५३१च्या आरंभी जर्मन प्रोटेस्टंटांचा श्माल्काल्डन संघ उभा राहिला, तो स्विस नगरांना वगळून. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला कॅथलिक परगण्यांच्या सैन्याशी झालेल्या काप्पेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला.

९/ यात एक विसंगती आहे. येशूची बोली अरामी, आणि त्या भाषेत अशा वाक्यात ‘आहे’ सहसा उच्चारलेच जात नाही. मराठीतही ‘हे माझे घर’ एवढे पुरते. ज्या क्रियापदावरून चळवळ दुभंगली, ते ग्रीक आणि लॅटिन पाठात आहे. मूळ उच्चारात बहुधा नसावे.

१०/ दोन्ही पक्ष पोपचा अधिकार नाकारून केवळ बायबलला प्रमाण मानत होते. मारबुर्गमध्ये त्यांना कळले, की प्रमाणग्रंथ एक असला तरी तो वाचायचा कसा, हे ठरवणारा लवाद त्यांच्यापाशी उरलेला नाही. पुढे जॉन कॅल्विनने पवित्र आत्म्याद्वारे घडणाऱ्या सहभागाचा मध्यममार्ग मांडला, तरी दरी बुजली नाही. १९७३ साली बाझेलजवळच्या लॉयेनबेर्ग येथे युरोपातील ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चनी एकमेकांचे प्रभुभोजन मान्य केले, तेव्हा मारबुर्गला ४४४ वर्षे लोटली होती. (समाप्त)